अर्डिसच्या अंगणातलं क्लोव्हर

प्रिय अर्डिस,

तुझा गुडघा आता जिना चढू देतो हे तुझ्या लेकीकडून कळलं, बरं वाटलं. शनिवारी तू डेन्व्हरहून परत येणार. त्याआधी हे हातात पडावं म्हणून सकाळची कॉफी गार करत लिहायला बसलेय. फोन केला असता तर तू गोड बोलली असतीस आणि माझा धीर सुटला असता.

घर ठीक आहे. टोमॅटो पिकले ते मी तोडून बाटल्यांत भरलेत. तुझी हिरवळ माझ्या नवऱ्यानं, व्हर्लिननं, मे महिन्यापासून दर शनिवारी कापली. शेजाऱ्याच्या हद्दीत मशीनचा एक पट्टा जास्तीचा ओढायचा, ही आपल्या गल्लीची रीत. आमच्या दुसऱ्या बाजूच्या डेल्बर्टच्या वाट्याला तेवढाच पट्टा येतो, तुझ्या वाट्याला अख्खं अंगण आलं. त्यावर माझं काही म्हणणं नव्हतं. ऑपरेशन झालेल्या बाईवर कोण जळेल?

मी जळले ती क्लोव्हरवरून, हिरवळीत उगवणाऱ्या त्या तीन पानांच्या रोपट्यांवरून. जाताना तू त्याला चिठ्ठी ठेवलीस, पांढरी फुलं राहू दे, मधमाश्या येतात. झालं. हा माणूस मशीनचं पातं चार बोटं वर घेऊन तुझ्याकडे जायचा आणि आमच्याकडे आला की पुन्हा खाली करायचा. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी त्याला म्हटलं होतं, आमच्या शेतावर अंगणभर क्लोव्हर असायचं, आम्ही बहिणी त्यात अनवाणी हुंदडायचो, आपल्याकडे थोडं ठेव ना. तर म्हणाला, "मार्लिस, ते तण आहे. लोक म्हणतील या घरात पुरुष नाही." त्यानंतर एकेचाळीस वर्षं दर वसंतात तणनाशक. बरीच वर्षं मी विचारत राहिले, मग सोडून दिलं. आणि तुझी एक चिठ्ठी पुरली. आता ते तण नाही का, असं मी जूनमध्ये विचारलं, तर म्हणे, "अगं, अर्डिसनं सांगितलंय ना." वर जेवताना रोज तुझ्या मधमाश्यांचं कौतुक. समोरचं ताट ओढून घ्यावंसं वाटायचं.

जुलैत तो दाताच्या डॉक्टरकडे गेला होता. मी गॅरेजमधून त्याचा फवारणीचा पंप काढला आणि तुझ्या कुंपणापासून पायरीपर्यंत सगळ्या क्लोव्हरवर मारला. हो, मीच. फूल दिसलं की हात थांबत नव्हता. आठवड्याभरात पानं पिळवटून तपकिरी झाली.

तो संतापेल, शोध घेईल, असं मला वाटलं होतं. त्यानं स्वतःलाच दोष दिला. आदल्याच आठवड्यात वारा असताना आमच्याकडे उरलंसुरलं फवारलं, तेच उडून तुझ्याकडे गेलं, अशी त्याची पक्की समजूत. डेल्बर्टनं त्याला टोमणाही मारला, "काय रे, जन्म गेला गवत कापण्यात, वारा कुठला ते अजून कळत नाही?" व्हर्लिन खाली मान घालून उभा. मी शेजारीच लेमन बारच्या वड्या वाढत होते, त्या वाढतच राहिले.

मग ऑगस्टमध्ये त्यानं क्लोव्हरचं बी आणलं, तुझ्याकडे पेरलं, उरलेलं आमच्याकडे टाकलं. "आता आपल्याकडेही येऊ दे," म्हणाला. तणनाशक बंद. बी उगवलंय. एकेचाळीस वर्षं मागत होते ते मला तुझ्या उरलेल्या बियाण्यातून मिळालं. रोज पायरीवर उभी राहून बघते आणि उपटावं की राहू द्यावं, ते ठरत नाही. वाकते आणि तशीच परत उभी राहते. बहुतेक राहूच देईन.

शनिवारी व्हर्लिन तुझी माफी मागायला येणार आहे. कालपासून गॅरेजमध्ये उभा राहून वाक्यं घोकतोय, मी ऐकलं. त्याला दारातच थांबव आणि सांग की हे मार्लिसनं केलं, तिनं स्वतः लिहून कळवलंय. मला लाज वाटते हे खरं आहे, पण त्यासाठी मी लिहीत नाहीये. इतक्या वर्षांत त्यानं माझी एकदाही माफी मागितलेली नाही, अर्डिस. पहिली तुला मिळाली तर ते मला सोसायचं नाही.

तुझीच, अजून म्हणवून घेशील तर,
कुंपणापलीकडची मार्लिस