गेतेर कुठेच गेला नाही

१२ सप्टेंबर
आजपासून ग्रंथलेखन. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, तो वाया जाऊ द्यायचा नाही.
बायबल, उत्पत्ती, अध्याय दहावा. नोहाचा मुलगा शेम, शेमचा अराम, अरामचे चौघे: ऊस, हूल, गेतेर, मश. बाकीचे कुठे गेले यावर विद्वानांनी ढीगभर कागद काळे केलेत. गेतेरबद्दल सगळे चिडीचूप. कारण उघड आहे. तो कुठे गेलाच नाही. इथेच, इराकातल्या निनवेच्या मैदानात, आमच्या गावात राहिला. म्हणजे आम्ही.
दुपारी नहरीनचा स्वीडनहून फोन. आम्हा नवराबायकोचे तिथे राहायचे परवाने मंजूर. शमीरान स्वयंपाकघरात जाऊन रडली. दुःखानेच असणार. लेक तिकडे असली म्हणून हे मैदान सोडून कोण जाईल?
तिला म्हटलं, ग्रंथ पुरा होऊ दे, तूच नको म्हणशील. म्हणाली, ‘बरं.’ पटलं तिला.

१९ सप्टेंबर
मोठा पुरावा सापडला. गावाखालच्या झऱ्याला सगळे ‘गदरी’ म्हणतात. गेतेर, गेदेर, गदरी. सरळ आहे.
दिन्खा पाद्रींना सांगितलं. ते म्हणाले, ‘अहो, तो कादिर आगाने, इथल्या जुन्या जमीनदाराने, खोदला. माझ्या आजोबांनी त्याची कुदळ धरली होती.’ पाद्री माणूस भला, पण संशोधनाची दृष्टी नाही. आगाचं नाव तरी कुठून आलं असेल? गेतेरवरूनच.

२ ऑक्टोबर
नकाशा काढला. कोण कुठून कुठे गेला त्याचे लाल बाण. शाई संपत आली. गेतेरला बाण नाही, नुसता ठिपका. फार समाधान वाटलं.
शमीरानला अब्राहामाच्या बापाचं उदाहरण दिलं. तेरह ऊरहून कनानला निघाला, अर्ध्या वाटेत हारानला थांबला, तिथेच मेला. निघणारा पोचत नाही, हाच बोध.
तिने विचारलं, ‘त्याचा मुलगा पोचला ना?’
बायकांना तपशिलात फार रस.

१४ ऑक्टोबर
शमीरान भांडी वाटतेय. डोल्म्याचं, द्राक्षाची भरली पानं शिजवायचं, मोठं पातेलं पाद्रींकडे गेलं. साफसफाई काढलेली दिसते. बरं झालं, नकाशाला जागा होईल.

२८ ऑक्टोबर, रविवार
प्रार्थनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये माझं व्याख्यान. ‘आपण कोण?’ श्रोते: पाद्री, शेजारचा झाया, शमीरान, आणि प्रार्थनेपासून उठल्याच नाहीत अशा दोन म्हाताऱ्या.
बोलणं उत्तम झालं. शेवटी झायाने विचारलं, ‘मास्तर, म्हणजे चौघांतले तिघे गेले आणि एकटा गेतेर राहिला?’
म्हटलं, अगदी बरोबर.
तेवढ्यात शमीरान बोलली. भरल्या सभेत. ‘जे गेले त्यांचे देश झाले, वंश वाढले, पुस्तकं झाली. जो राहिला त्याचं पुढे एक अक्षर नाही. मग त्याचं झालं काय, अहो?’
एक म्हातारीसुद्धा जागी झाली.
मी म्हणालो, हा सहाव्या प्रकरणाचा विषय आहे.
सहावं प्रकरण नव्हतं. आता लिहावं लागेल.

३ नोव्हेंबर
सहावं प्रकरण. शीर्षक लिहिलं.

९ नोव्हेंबर
शमीरान गेली.
मला वाटत होतं, पेटी नुसती धमकीला भरलीय. सकाळी एर्बिल विमानतळाला जाणारी टॅक्सी आली. ती दारात उभी राहिली. म्हणाली, ‘अहो, चला. तुमचे कपडेही भरलेत.’ मी म्हटलं, चौथं प्रकरण ऐन रंगात आहे. मग ड्रायव्हरने हॉर्न दिला.
ईस्टरपर्यंत परत येईल. तिथली थंडी तिला झेपणार नाही.

११ नोव्हेंबर
गव्हाचा बुरगुल करपला. रॉकेलची शेगडी पेटवताना भुवई गेली, एकच. वंशावळीत बायकांची नावं का नसतात, हा प्रश्न आज प्रथमच पडला. गेतेरला कोणीतरी जेवायला घालत असेलच ना. नोंद करून ठेवली.

३० नोव्हेंबर
झाया मेलबर्नला चाललाय. मुलाकडे. मला आज कळलं, बाकी सगळ्यांना म्हणे उन्हाळ्यापासून माहीत होतं.
त्याच्या अंगणात गेलो. शांतपणे, शास्त्रीय भूमिका मांडायची असं ठरवलं होतं. प्रत्यक्षात त्याचा हात धरला. म्हटलं, माझा नकाशा बघ, तू ठिपक्यातला माणूस आहेस. म्हटलं, निदान वसंतापर्यंत थांब. म्हटलं, रोज संध्याकाळी तुझ्याशी पत्ते खेळेन, मुद्दाम हरेन.
तो म्हणाला, ‘मास्तर, हात दुखतोय.’
मग सोडला. जाताना त्याने कोंबड्या मला दिल्या.

१२ डिसेंबर
कोंबड्यांना पाचवं प्रकरण वाचून दाखवलं. मोठ्याने वाचलं की शैलीतले दोष कळतात.
गल्लीत आता माझ्याच घरातून धूर निघतो. तोही बहुधा करपल्याचा.
शमीरानचा फोन. काय खाल्लंत, असं विचारलं. म्हटलं, सगळं झकास, ग्रंथ दौडतोय. ती हळूच म्हणाली, ‘खोटं का बोलता हो?’
फोन ठेवल्यावर भिंतीला कपाळ टेकून उभा राहिलो. किती वेळ, माहीत नाही. दीर्घ संशोधनात अशी विश्रांती लागते.

१८ डिसेंबर
महत्त्वाचा निर्णय. पूर्ण विचारांती.
ग्रंथात एक उणीव आहे. शेमच्या वंशावर इतकं लिहिलं, पण त्याच्या भावाची, याफेथाची, लेकरं उत्तरेकडे गेली, त्यांचा प्रत्यक्ष अभ्यास झालेला नाही. स्वीडनमध्ये ती मुबलक असणार. तीन महिन्यांचा अभ्यासदौरा. फार तर चार.
शमीरानला कळवलं. तिने दौऱ्याबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाली, ‘लोकरीचे मोजे वरच्या कपाटात आहेत.’ आणि रडायला लागली. या वेळी मी विचारलं, का रडतेस. तिने सांगितलं नाही.
कोंबड्या आणि किल्ली पाद्रींकडे.

२० जानेवारी, रविवार, सोदरतेल्ये, स्वीडन
अजून याफेथाचा वंशज भेटला नाही. इथल्या आमच्या चर्चमध्ये गेलो तर अख्खं गाव हजर. शाळेत ज्यांना बाकावर उभं केलं ते टक्कल पडलेले बाप्ये होऊन कोट घालून बसलेले. प्रार्थनेनंतर ‘मास्तर, दोन शब्द बोला’ असा आग्रह. नहरीनने खुर्च्या मांडल्या. हॉल भरला. लोक मागे उभे. आयुष्यात एवढी गर्दी पाहिली नव्हती. खिशातून नकाशा काढला, घसा खाकरला.
मागून कोणीतरी विचारलं, ‘मास्तर, आधी हे सांगा, आपल्या गल्लीत आता कोण कोण असतं?’
मी म्हणालो, कोंबड्या पाद्रींकडे दिल्यात. लोक हसले. त्यांना गंमत वाटली. मग तो परत म्हणाला, ‘नाही, खरंच. कोण आहे?’
मी सुरुवातीपासून एकेक दार आठवत गेलो. शेवटच्या दाराशी, माझ्याच, येऊन थांबलो.
सगळे वाट बघत होते. शमीरान उठली, माझ्या हातातल्या नकाशाची घडी घातली आणि म्हणाली, चहा गार होतोय.
चहा घेतला. साखर कमी होती. बोललो नाही.