हरणाबाईची पात

कुंडल, श्रावण १९४४

प्रिय चंद्रा,

खुशाली लिवत न्हाई, येळ न्हाई. हरणा पडून हाय. सात दिस झालं, ताप उतरत न्हाई. तिचा नवरा तिकडं लढाईवर, सासू आंधळी, म्हनून मीच उशाशी बसून लिवतीया. आमच्या घरधन्यांनी पलटनीत जाताना कागदापुरती अक्षरं शिकवली, तीच कामाला आली.

तू गेल्यावर मळेवाल्यानं तण काडायची, भांगलनीची टोळी माज्याकडं दिली, ते कळलंच आसंल. तू म्होरं हुतीस तवा मला लय राग यायचा. बारा बाया, बारा पाती, जिची तिची तणाची वळ. आपली पात सोडून तू मागं जायचीस, जी मागं राहील तिच्या पातीत खुरपं घालायचीस. समद्या बांधाला लागल्या की मग तुजी भाकरी. मी म्हनायची, ही टोळीची म्होरकी हाय का समद्यांची मोलकरीन?

मी म्होरं झाले आन पात अशी वडली की मळेवाला बांधावर हुबा ऱ्हाऊन बघत बसला. चार दिसांचं रान तीन दिसांत. हरणा मागं पडायची. मी म्हनलं, रेंगाळायचं आसंल तर उद्यापास्नं घरी बस. ती मान खाली घालून खुरपत ऱ्हायली. सहावा म्हैना हुता तिला. तुला तिनं सांगितलं हुतं, म्हनून तू रोज तिची अर्दी पात काडायचीस, हे मला बनुबाई सुईनीनं आत्ता सांगितलं. मला कुनी सांगितलं न्हाई. माज्याजवळ सांगावं आसं कुनाला वाटलंच न्हाई.

गेल्या सोमवारी उपाशीपोटी ती भुईमुगात आडवी झाली. मी पानी घिऊन पळाले, तर म्हनती, "मावशी, माजी पात ऱ्हायलीया, मळेवाल्याला सांगू नगा." मूल गेलं. मुलगा हुता.

तवापास्नं माज्यामागं एकबी बाई रानात येत न्हाई. बरूबरच हाय त्यांचं. हरणा माज्या हातची आंबील घेत न्हाई, भिंतीकडं तोंड करती. डाक्टरची बाटली हाय तशी हाय. बनुबाई म्हनती, पोटात काय गेलं न्हाई तर दोन दिस काडायची न्हाई. येकच इचारती, चंद्राक्का आली का.

आता खरं लिवते. तू काम बुडवतीस म्हनून मळेवाल्याच्या कानावर घालनारी मीच. तू भांडली न्हाईस, खुरपं पदरात गुंडाळलंस आन तासगावला भावाकडं गेलीस. काल हितंच, हरणाच्या उशाशी बायांना बलवून हे सांगितलं. बाया आल्या तशा उठून गेल्या. हरणानं तेवढं डोळं उगडलं. माजा भाऊ नाथाजी गाडी घिऊन आलाय, कागद त्याच्याच हाती दिलाय. बैलांना पानी पाजू दे आन लगीच बस. माज्याशी बोलू नगंस, माज्या घरचं पानी पिऊ नगंस. तिला चार घोट पाज. ती जगली तर टोळी तुजी, मला शेवटची पात दे, न्हाई दिलीस तरी चालंल. पन ये.

तुजीच, तू मानलीस तर,
मनू