समजावलं

माय, आपल्या घरातला एक शब्द कोर्टात जाऊन बसलाय आणि त्यापायी माझा जीव थाऱ्यावर नाही. आज धाकट्याबरोबर वाशीमला त्याच्या वकिलाकडं गेले होते. तुझी सून लेकीला घेऊन माहेरी रिसोडला निघून गेली, तुला कुठून ठाऊक असणार. तिनं धाकट्यावर मारहाणीची केस केली आहे. कोर्टात एक अर्ज, पोलिसांत एक गुन्हा. अर्जात पोटगी मागितली आहे, आणि यानं तिच्याजवळ फिरकायचं नाही असा हुकूमही. तो हुकूम निघाला आणि यानं मोडला तर अटक. गुन्हा शाबीत झाला तर तुरुंग, आणि शाळेतली शिपायाची नोकरी गेलीच समज. त्याच्या तोंडचं पाणी पळालंय. वकील मात्र खुशीत. म्हणाले, "ताई, जबाबात एके ठिकाणी 'मारलं' आहे, बाकी सगळीकडं तिनं स्वतःच 'समजावलं' म्हटलंय. समजावणं कुठं गुन्हा असतो? तुम्ही साक्षीला एवढंच म्हणा, हो, भाऊ तिला समजावायचा. पुढं बोलूच नका." यात खोटं काहीच नाही बघ. म्हणून तर जास्त घाबरले.

मी दुसरीत असेन. तू चुलीपुढं बसून डाव्या हातानं भाकर थापते आहेस, उजवं मनगट सुजलंय, भाकर एका बाजूला जाड होते आहे. मी विचारते, काय झालं वं माय? तू म्हणतेस, "काई नाई वं, तुया बाबानं समजावलं मले." मला काय, तोच अर्थ पाठ झाला. शाळेत बाई म्हणाल्या, इकडं ये, वजाबाकी समजावते, तर मी दोन्ही हात डोक्यावर घेऊन खाली बसले! सगळा वर्ग फिदीफिदी हसला. घरी येऊन सांगितलं तर तूही पदर तोंडाला लावून हसलीस, आणि मग एकदम खेकसलीस, "घरचं बोलनं बाहीर नेऊ नोको!"

सून नवी होती तेव्हाचं आठवतं ना? तुझ्या शेवटच्या दुखण्याच्या आधीचं. तिचा गाल लाल पाहून तू तेलाची वाटी पुढं केलीस. म्हणालीस, "नवरा समजावते कधीमधी. मनावर घेऊ नोको." त्या पोरीनं शब्द तेवढा उचलला. इतक्या वर्षांनी पोलिसांसमोरही तोच तिच्या तोंडून निघाला. मला तुझा राग येतो माय, आणि तुझं मनगट आठवलं की रडूही येतं.

परतताना एसटीत धाकटा म्हणाला, "ताई, तू एवढंच म्हन. खोटं तं नाई ना बोलून राह्यलो आपन?"

"आन् तिच्या वकिलानं इचारलं, समजावलं म्हंजे काय, तं?"

"बोलून समजावलं म्हन."

"मायचा हात काय बोलून सुजला होता रे?"

"मायले काहून मधात आनून राह्यली?" असं म्हणून त्यानं तोंड खिडकीकडं फिरवलं ते मालेगाव येईपर्यंत. बाबांचा आवाज चढला की माझ्या परकरात तोंड खुपसायचा, तोच हा. मी अर्थ सांगितला तर तो तुरुंगात जाईल, माझं माहेर कायमचं तुटेल. नाही सांगितला तर? त्याची पोर यंदा दुसरीत आहे, माय.

सोमवारी साक्ष आहे. कुणी विचारलं तर मी अर्थ सांगणार. घरचं बोलणं बाहेर नेणार. तुला काय खेकसायचं ते खेकस.

हे पत्र पाठवायचं तरी कुठं, राहील पिठाच्या डब्याखाली. एक सांगायचं राहिलं. वकिलांनी आज खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाले, "थांबा ताई, तुम्हाला नीट समजावतो." माझे दोन्ही हात डोक्यावर गेले. या वयात! वकील बघतच राहिले. मी शरमून धाकट्याकडं पाहिलं, तर त्याचाही हात कानापर्यंत वर आला होता. मी पाहिलंच नाही असं दाखवलं.