आजाऱ्याचा वाटा

चंदन,

विद्यापीठाचा प्रकाशन संचालक म्हणून तू पाठवलेला करार मिळाला. आपण दोघांनी उभं केलेलं संशोधनाचं त्रैमासिक आता खासगी प्रकाशन कंपनीकडे जाणार. म्हणजे लेख आमचे, तपासणी आमची, आणि वाचायला पैसे भरायचे तेही आम्हीच! कॉलेजांच्या वतीने नकार कळवलाय, कार्यालयीन भाषेत. बाकीचं या न पाठवायच्या कागदावर.

काल मालवणला तुमच्या वाडीत सगळे मिळून रापणीचं मोठं जाळं दोन्ही दोरांनी किनाऱ्यावर ओढत होते. मीही एका दोराला हात लावला. जाळं वाळूवर आलं तेव्हा तुझ्या परशुरामकाकांनी बांगडे पुढे केले. मी नको म्हटलं, तर चिडलेच.

"हात लायलंस मा? मगे वाटो घे."

आपण त्रैमासिकाचा नियम या रापणीवरूनच घेतला होता. जो लिहील, तपासेल, मुद्रितं वाचेल तो सभासद, आणि वाचायला सगळ्यांना मोकळं. एक दोर आम्हा कॉलेजांच्या हातात, दुसरा विद्यापीठाच्या. एका बाजूने दोर सोडला की सगळी मासळी निसटते, हे तुला मी सांगायचं?

आपल्या दोघांचं काय झालं, ते मी लिहिणार नाही.

रापणीत आजारी माणसाचाही वाटा काढतात. आपणहून सोडून गेलेल्याचा काढत नाहीत. वाटे घालताना काकांनी मला विचारलं, "चंदन आजारी आसा, की सोडून गेलो?"

तुझ्यावर इतकी संतापले होते, तरी तोंडातून निघालं, "आजारी आहे."

तुझे बांगडे माझ्या फ्रीजमध्ये आहेत.

तन्वी