दोघांचं दुखणं

देवपूर, धुळे

राकेशदादा, जयभीम.

परवा चाळीसगावहून फोनवर तू म्हणालास, "सपना, माझ्याकडे बघ आणि लग्नाचा विचार सोड. तुझंही असंच होणार." मला तुझा राग आला नाही, भीती वाटली. मल्टिपल स्क्लेरोसिस, हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार, आधी तुला झाला, मग मला. तुला व्हीलचेअर लागली. मी अजून चालते, पण गेल्या महिन्यात डाव्या डोळ्याला अंधुक दिसत होतं, हे तुला सांगितलं नाही.

ज्याच्याशी लग्नाचं चाललंय, त्या प्रशीलला मात्र सांगितलं. त्यालाच सोबत घेऊन डॉक्टरांना विचारलं, "माझंही दादासारखंच होईल?"

ते म्हणाले, "आजार किती जोर धरतो, यात जनुकांचा थोडा वाटा असतो. पण सख्ख्या भावंडांतही तो सारखाच वाढेल असं नाही. तुमचं पुढे काय होईल, आज कुणीच सांगू शकत नाही. औषध चुकवू नका."

बाहेर आल्यावर मी प्रशीलला म्हटलं, "नाही म्हणायचं तर आत्ताच म्हण."

तो म्हणाला, "पुढचं तर माझंही कुणी सांगू शकत नाही."

दादा, मी लग्न करणार आहे.

तुझ्या हातांनी कागद धरवत नाही, म्हणजे हे पत्र टाकलं तर वहिनीच वाचून दाखवेल. माझी भीती तू तिच्या तोंडून ऐकावीस, असं मला वाटत नाही. म्हणून पत्र टाकत नाही, रविवारी मीच येऊन वाचून दाखवते. लग्न बुद्धविहारात आहे; तिथे पायऱ्या आहेत, हे न येण्याचं कारण सांगू नकोस. प्रशील आणि मी तुला उचलून नेऊ. आज माझ्या पायांत तेवढं बळ आहे.

तुझी,
सपना