डाव्या हाताचा चहा

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू ऐकत नाहीस, म्हणून पत्र.

सासूबाईंना दवाखान्यातून घरी आणलं. उजवी बाजू गेली ती गेलीच. आपली भाषा त्या माझ्यासाठी शिकल्या होत्या, स्वयंपाकघरात माझ्या मागे मागे फिरून. तीही पुसली गेली. आता फक्त स्वतःची बोलतात, अडखळत, आणि त्यांच्या भरवशावर राहून मी ती कधी धड शिकलेच नाही.

खरी पंचाईत जेवणाची. मी भरवायला बसले की त्या ओठ घट्ट मिटतात. दोन घास पोटात, बाकीचं गळ्यातल्या रुमालावर. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नळी घालावी लागेल. मला वाटतं, माझा कंटाळा त्यांना दिसतो. काल चादर बदलता बदलता पलंगाच्या कडेवर बसल्या बसल्या माझा डोळा लागला.

शुश्रूषागृहात एक खाट रिकामी झाली आहे, शनिवारपर्यंत कळवायचंय. हे म्हणतात, तू म्हणशील तसं. म्हणजे पुन्हा माझ्याच गळ्यात. थकले गं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
डावरी

७ जून

चि. डावरीस,
अ. उ. आ.

ऐकू कमी येतं, वाचता उत्तम येतं. पाठवून दे त्यांना. हुतात्मा होऊ नकोस, तुझा पुतळा उभारायला आमच्याकडे जागा नाही.

एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. तुझ्या लग्नानंतर आई आणि मी तुला भेटायला आलो होतो, तो दिवस आठवला. त्यांच्यात डाव्या हाताने दिलेलं कुणी घेतच नाही, इतकं कडक असतं, हे आपल्याला कुठलं ठाऊक! तू आपली त्यांच्याकडच्या पाहुण्यांपुढे डाव्या हाताने कप धरून उभी, आणि कुणी हात पुढे करेना. शाळेत सिस्टरनी पट्ट्या मारून तुझं अक्षर तेवढं उजव्या हातात नेलं होतं, बाकी सारं डावीकडेच. तू कप मागे घ्यायला लागलीस. तेवढ्यात सासूबाई उठल्या, त्यांनी आपला डावा हात पुढे केला, कप घेतला आणि सगळ्यांदेखत घोट घेतला. परतताना आई वाटभर रडली. म्हणाली, पोरगी चांगल्या हातात पडली.

एक विचारते. त्यांना भरवतेस कुठल्या हाताने?

लोभ आहेच, मागायला नको.

तुझी,
ताई

१२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उजव्या हाताने, ताई! अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा अपमान नको, म्हणून त्यांच्या रीतीप्रमाणे. माझा उजवा हात लिहिण्यापुरता. चमचा त्याला पेलतो थोडाच! घास कधी हनुवटीला, कधी नाकाला. एकदा तर केवढा ठसका लागला. त्या घाबरून ओठ मिटत होत्या, आणि सांगायला आमच्यात शब्द उरले नव्हते.

पत्र आलं त्या दुपारी चमचा डाव्या हातात घेतला, भीत भीतच. त्यांनी चमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. वाटी संपली. मग काहीतरी पुटपुटल्या. ह्यांनी अर्थ सांगितला: आली एकदाची शहाणी.

खाट दुसऱ्या कुणाला द्या, असं कळवून टाकलं. उद्या पस्तावेनही. पाठदुखी आहे तशीच आहे. आंघोळ घालण्यापुरती एक बाई लावली आहे.

काल त्यांचा भाचा भेटायला आला. मी चहा ठेवला, तर सासूबाईंनी खुणेने बिस्किटांची बशी मागून घेतली आणि जुन्या थाटात त्याच्यापुढे धरली. डाव्या हाताने. दुसरा हात आहे कुठे त्यांना? त्याचा हात मांडीवरून हलेना. सासूबाईंची मान खाली जायला लागली.

मी ओट्यापासून तशीच ओल्या हाताने आले, डावा हात पुढे केला आणि बिस्कीट घेतलं. मला गोड बिस्किटं आवडत नाहीत, तुला माहीत आहे. दोन खाल्ली.

आता जराशी आडवी होते. जीव लावतेस तसाच लावत जा, आणि कानाचं यंत्रही.

तुझी,
डावरी