वाटाण्याएवढं मलम

प्रिय कडकबाई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे तसंच बाजूला टाकलं नसशील, अशी आशा धरून लिहिते आहे. टाकलं असशील तर तुझं चुकलं असंही म्हणणार नाही. आठ महिने झाले आपलं बोलणं बंद होऊन. एकोणीस वर्षं एका छताखाली काढली आपण, मी शिवायचं आणि तू इस्त्री करायची, आणि तेवढ्या काळात आपला अबोला कधी दोन दिवसांच्या वर टिकला नव्हता. तिसऱ्या दिवशी तुला माझी कात्री तरी लागायची, नाहीतर मला तुझ्या थर्मासमधला चहा तरी. फोन करता आला असता, पण फोनवर मी कशी बोलते ते तुला ठाऊक आहे. तोंडात टाचण्या धरून धरून जीभही तशीच झाली आहे. म्हणून तर तू मला टाचणी म्हणायचीस. कागदावर निदान खोडता तरी येतं. दोन पानं फाडून झाली, हे तिसरं.

आधी दुकानाची खबरबात सांगते. तुझ्या जागी एक गडी ठेवला होता. माणूस भला, पण पॅंटच्या एका पायाला दोन धारा पाडायचा आणि वर मलाच सांगायचा की हल्ली असंच चालतं. दीड महिन्यात त्याला हात जोडले. आता इस्त्री मीच करते. बाह्यांची अरुंद फळी तू जिथे ठेवायचीस तिथेच आहे. गिऱ्हाइकं विचारतात, कडकबाई कुठे गेल्या? सुरुवातीला मी ठसक्यात सांगायचे की त्यांनी आमचे कोट खराब केले, म्हणून गेल्या. कितीजणांना सांगितलं त्याची मोजदाद नाही. पुढे कळलं की तू घरीच इस्त्री घेतेस, आणि बाजारातल्या दोन दुकानांनी तुला काम द्यायचं नाकारलं, कारण तू कपड्यावर कसलं तरी औषध मारतेस असं त्यांच्या कानावर आलं होतं. ते कुठून आलं हे तुला कळलं असेलच. माझ्याच तोंडून निघालं होतं. तुझ्या नावाला बट्टा लागला तो असा, आणि हे पत्र त्याबद्दलच आहे. पण ते सांगायचं तर मला माझ्या तोंडाबद्दल सांगावं लागेल, म्हणजे खरंच तोंडाबद्दल, गालाबद्दल आणि हनुवटीबद्दल. हसू नकोस. हसलीस तरी चालेल म्हणा, मला बरंच वाटेल.

आठवतंय ना, गेल्या वर्षी माझ्या हनुवटीवर पुरळ यायला लागलं होतं? चव्वेचाळिसाव्या वर्षी! तू म्हणालीस, या वयात तारुण्यपीटिका म्हणजे नशीबवान आहेस, आम्हाला नुसत्या सुरकुत्याच आल्या. मीही हसले तेव्हा. पण माझं काम कसलं ते बघ. गिऱ्हाईक आरशासमोर उभं असतं आणि मी त्याच्या मागे, खांद्याजवळ. दिवसातून तीस वेळा माझं तोंड मला बघावं लागतं, आणि गिऱ्हाइकालाही. एकदा एका बाईंची चिमुरडी आरशात माझ्याकडे टक लावून बघत होती. मग तिनं मोठ्यांदा विचारलं, या मावशींना कांजिण्या झाल्यात का? तिची आई कानकोंडी झाली आणि मी टाचण्या धरलेल्या तोंडानं हसल्यासारखं केलं. त्याच संध्याकाळी औषधाच्या दुकानातून मलम आणलं. पुरळावरचं सगळ्यात जोरदार द्या, म्हटलं. त्यानं दिलं. आत घडी घातलेला कागद होता, पण अक्षरं मुंगीएवढी आणि माझा चष्मा कपाळावर. कागद टाकून दिला. ट्यूब बटणांच्या खणात ठेवली, मोठ्या कोटबटणांच्या डब्यामागे, म्हणजे तुझ्या नजरेस पडायला नको. तुझ्या त्या एका थट्टेसाठी मी तुझ्यापासून लपवाछपवी केली. एकोणीस वर्षांत केलेली पहिलीच.

आणि लावायचे कशी विचार. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. प्रत्येक पुळीवर लिंपल्यासारखा जाड थर. कापडाच्या बाबतीत मी सगळ्या जगाला सांगत फिरते की घाई करू नका, आधी तुकड्यावर बघा, मग ताग्याला हात लावा. स्वतःच्या कातडीला मात्र तुकड्याचाही मान दिला नाही. चार दिवसांत गुण येईना म्हणून आणखी लावलं. वर खरखरीत दाण्यांच्या साबणानं घासलं, लिंबू चोळलं, नखानं दोन पुळ्या फोडल्या. अति तिथे माती म्हणतात, ती माझ्या तोंडावरच झाली. कातडी लाल झाली, सोलपटली, ओठांचे कोपरे चिरले. तुला सांगितलं, ऊन लागलं. तू बिचारीनं मला घरून टोपी आणून दिलीस.

त्याच आठवड्यात हॉटेलच्या नोकरमंडळींचे बावीस गर्द निळे कोट तयार होत होते. ती सकाळ तुला मी कशाला सांगायला हवी? पण मला लिहायची आहे. मॅनेजर कोट न्यायला आले, मी खुंटीवरचा पहिला काढला, आणि कॉलरच्या कडेला फिकट नारिंगी ठिपके. दुसऱ्यावर तसेच. एकूण नऊ कोटांवर. आदल्या दिवशी शेवटचा हात तुझा होता, वाफ देऊन तूच ते टांगले होतेस. मी मागचापुढचा विचार न करता मॅनेजरांसमोर म्हणाले की हिनं खडूच्या खुणा काढायला काहीतरी जालीम मारलंय. तू एवढंच म्हणालीस की मी साध्या पाण्याशिवाय काही मारलेलं नाही. मी म्हटलं, पाण्यानं रंग उडतो होय? तू इस्त्री उभी केलीस, बटण बंद केलंस, वायर नीट गुंडाळलीस, आणि गेलीस. आरडाओरडा केला असतास तर मी भांडले असते आणि तिसऱ्या दिवशी आपण चहा प्यायलो असतो. तू वायर गुंडाळलीस तिथेच मला कळायला हवं होतं.

चेहऱ्याचं दुखणं पुढेही चालूच राहिलं. तोंड धुतलं तरी आग व्हायची. शेवटी तीन महिन्यांपूर्वी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. मुलगी माझ्या पोरीच्या वयाची, पण बोलणं एखाद्या थोरल्या नणंदेसारखं. ट्यूब घेऊन या म्हणाली होती, ती नेली. तिनं बघितलं आणि विचारलं, किती लावता? मी बोटावर काढून दाखवलं. ती म्हणाली, काकू, हे आठवडाभराचं झालं. मग तिनं मला पहिलीतल्या पोरीसारखं शिकवलं. त्याच औषधाचं, पण अगदी कमी ताकदीचं मलम दिलं. तोंड सौम्य साबणानं धुवायचं, टिपून कोरडं करायचं, मग वाटाण्याएवढं मलम घ्यायचं आणि ते एकेका पुळीवर नाही, तर पुरळ येतं त्या सगळ्या भागावर पातळ पसरायचं. डोळे, नाकाच्या कडा, ओठांचे कोपरे सोडून. आधी एक दिवसाआड, संध्याकाळी एकदाच, कातडीला सवय झाली की मग रोज. थोडं कोरडं पडेल, थोडं चुणचुणेल, त्यासाठी वरून साधं ओलावा टिकवणारं क्रीम. दिवसा उन्हाचं क्रीम. लिंबू, दाण्यांचा साबण, नखं, सगळं बंद. फार सोललं तर दोन दिवस थांबायचं, आणि तोंड सुजलं, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास अडखळला तर मलम टाकून लगेच डॉक्टर गाठायचा. आणि धीर धरायचा. आठ ते बारा आठवडे. मी म्हटलं, बारा आठवड्यांत मी चाळीस कोट शिवते. ती म्हणाली, मग शिवा की.

उठता उठता तिनं आणखी एक सांगितलं. हात स्वच्छ धुवा, मलम वाळल्याशिवाय कपडे घालू नका, आणि टॉवेल, उशीचे अभ्रे पांढरेच वापरा. या मलमानं रंगीत कापडाचा रंग उडतो.

मी पुन्हा खुर्चीत बसले. तिला वाटलं चक्कर आली.

कॉलर शिवून झाली की मी काय करते, हे जगात फक्त तुला माहीत आहे. माझ्या वडिलांनी शिकवलेली रीत. आतला एखादा टाका टोचतोय का हे बोटांना कळत नाही, गालाला कळतं. गिऱ्हाइकाच्या मानेला टोचण्याआधी आपल्या गालाला टोचू दे, असं ते म्हणायचे. प्रत्येक कोटाची कॉलर मी गालावरून हनुवटीपर्यंत फिरवते. ते बावीस कोटही तसेच फिरवले होते, त्यातले नऊ गालावर मलमाचा ताजा थर घेऊन. दुकानात आले, त्याच निळ्या कापडाच्या दोन चिंध्या घेतल्या, दोन्हींना बोटानं मलम लावलं, आणि एकीवर तुझ्यासारखी वाफेची इस्त्री फिरवली. सकाळी तिच्यावर तोच नारिंगी ठिपका होता. दुसरीवर यायला तीन दिवस लागले. तुझ्या वाफेनं फक्त माझी करणी लवकर उघडी पाडली होती. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, तसं मी तुला डागलं.

आता खरी लाजेची गोष्ट. हे मला तीन महिन्यांपूर्वी कळलं आणि मी गप्प बसले. स्वतःला म्हटलं, आधी तोंड बरं होऊ दे, मग तुझ्याकडे येईन. असल्या सोललेल्या तोंडानं काय जायचं? बारा आठवड्यांची सबब डॉक्टरनं आयती दिली होती. मी अगदी शहाण्यासारखं वाटाण्याएवढं मलम लावत राहिले. पाचव्या आठवड्यात आग थांबली, नवव्यात नवीन पुळ्या येणं बंद झालं. कॉलर हल्ली सकाळी तोंड धुतल्यावर, गालाला पांढरं सुती फडकं लावूनच तपासते. आता हनुवटीवर दोन पुसट खुणा आहेत, त्याही जातील म्हणते ती. नवरा म्हणतो तू छान दिसतेस, आणि त्याला चष्मा लागलेला नाही. दुकान चाललंय, पोरगी मजेत आहे, मी पोटभर जेवते. सगळं बरं चाललंय आणि दर दिवशी मला तुझी लाज वाटते. बारा आठवडे परवा संपले. सबब संपली, तरी मी निघाले नव्हते, हेही लिहून टाकते.

काल हॉटेलच्या मॅनेजरांचा फोन आला. म्हणाले, आमच्या धुलाई विभागाला प्रमुख हवी आहे. तुमच्याकडच्या इस्त्रीवाल्या बाईंनी अर्ज केलाय, सोमवारी भेटायला बोलावलंय, पण त्या निळ्या कोटांचं आठवतं म्हणून विचारतो, माणूस भरवशाचं आहे का? मला तुझ्या अर्जाची कल्पनाच नव्हती. मी टाचण्या तोंडातून काढल्या आणि सगळं सांगितलं. मलम, गाल, कॉलर, सगळं. मग ते म्हणाले, हे लेखी द्याल का? मी कालच दिलं, सही करून, दोन चिंध्या टाचून. त्याची नक्कल या पाकिटात आहे. बाजारातल्या त्या दोन दुकानांतही आज जाऊन आले. एकानं मला बरंच ऐकवलं, मी ऐकून घेतलं. तुझी इस्त्रीची जागा मोकळी आहे आणि तू परत यावंस असं मला मनापासून वाटतं. हॉटेलात काम मिळालं की तू येणार नाहीस, हेही कळतं. तरीही तुला तेच मिळावं. सोमवारी त्यांच्यासमोर मान खाली घालून बसू नकोस, म्हणून हे पत्र आज माणसाच्या हाती पाठवते आहे. चूक माझी होती. तू खरंच साध्या पाण्याशिवाय काही मारलं नव्हतंस.

तुझीच, तू म्हणशील तर,
टाचणी